कपात आजच होऊ द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
सुरत शहरी विकास सत्तामंडळ (सुडा), सुरत



कामरेज भूकंपात पडले तर ते पुन्हा कसे बांधायचे, याचा नकाशा आपण आजच काढावा आणि तो मामलतदार कचेरीच्या भिंतीवर लावून आमच्या हरकती घ्याव्यात, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती चमत्कारिक आहे, मान्य. धडधाकट उभ्या असलेल्या गावाच्या पुनर्बांधणीचा अर्ज आवक रजिस्टरात कुठल्या विषयाखाली चढवायचा, इथेच आपल्या कारकुनाची लेखणी अडेल. म्हणून खुले पत्र.

मी मूळचा जळगाव जिल्ह्यातला. पोटापाण्यासाठी सुरतेला आलो आणि आता इमारतींचे नकाशे काढतो. त्यातले काही आपल्याच कार्यालयात मंजुरीला येतात. पत्र मराठीत लिहिले, कारण लिंबायत, उधना, डिंडोलीपासून इकडे कामरेजपर्यंत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या खानदेशी माणसाचा या प्रकरणाशी सगळ्यांत जवळचा संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईल.

‘आपल्याकडे कुठे भूकंप होतो?’ कामरेज चार रस्त्यावर चहा पिताना हे मी पुष्कळदा ऐकले आहे. भूकंपाच्या नकाशात कच्छ पाचव्या विभागात आणि सुरत तिसऱ्या, तेव्हा आपल्याला फार भ्यायचे कारण नाही, असे एकंदर समाधान असते. या समाधानात मराठी माणसाने तरी सामील होऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून माणसे नुकती कुठे आडवी झाली होती, तेव्हा किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात आठ हजारांच्या आसपास लोक दगडमातीच्या भिंतींखाली गेले. तो भाग तेव्हाच्या नकाशात पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक विभागात होता. रंग नंतर बदलला.

आपल्या बाजूचे पाहायचे, तर २३ मार्च १९७० ला भरूचला धक्का बसून माणसे दगावली होती, आणि भरूच इथून हायवेने तास-सव्वातासावर आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र भचाऊजवळ, सुरतेपासून तीनशेहून जास्त किलोमीटर दूर. तरी सुरतेतही इमारत कोसळून लोक गेले. त्यात कामरेज पडले तापीच्या काठचे. नदीने आणून टाकलेल्या गाळात हादरा वाढतो आणि खाली ओली वाळू असेल तर जमीन घटकाभर पातळ होते. ऊस मात्र याच मातीत झकास येतो.

आता भुज. तिथल्या कोटाची पुनर्रचना हा गुजरातच्या नगररचना खात्याच्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो अभिमान रास्त आहे. मी मागतो आहे तेही भुजवरूनच सुचलेले, म्हणून त्या कामाकडे जरा थांबून पाहतो.

भुजच्या कोटात, सराफ बाजार आणि वाणियावाडच्या बाजूला, दोन-तीन मजली घरे आणि मधून दोन माणसे जेमतेम एकमेकांना ओलांडतील अशा गल्ल्या होत्या. २००१ च्या त्या सकाळी पावणेनऊच्या सुमाराला जमीन हलली. घरातून बाहेर पळालेल्याच्या अंगावर समोरच्याचे घर आले. शेजारच्या अंजारला प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली १८५ मुले आणि त्यांचे २० शिक्षक रस्त्यातच गाडले गेले. घरात थांबावे तर छत, बाहेर पडावे तर गल्ली. आणि अशा गल्लीत ढिगारा उपसणारे यंत्र शिरत नाही. आधी पहिले घर उचलायचे, मग दुसऱ्याकडे वळायचे, तोवर तिसऱ्या घरातला आवाज बंद झालेला असतो.

पुढे भुजचे काय करायचे, यावर बरेच रणकंदन झाले. कोट सोडून गाव दुसरीकडे न्यावे, असे म्हणणारे होते. पेढीवाले आणि घरमालक जागचे हलायला तयार नव्हते. शेवटी मधला मार्ग निघाला. मुंद्रा रस्ता, रावलवाडी, आरटीओ अशा ठिकाणी नव्या वसाहती आखल्या गेल्या (लोक आजही त्यांना ‘रिलोकेशन साइट’च म्हणतात), आणि कोटाचे आठ भाग पाडून प्रत्येकाची टीपी, म्हणजे नगररचना योजना, केली गेली. आखणी अहमदाबादच्या एन्व्हायर्नमेंटल प्लॅनिंग कोलॅबोरेटिव्ह या संस्थेची होती.

टीपी काय असते हे आपल्याला सांगायला नको. पण हे पत्र महाराष्ट्रातही कोणी वाचेल, त्यांच्यासाठी दोन ओळी. एका पट्ट्यातल्या सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, प्रत्येकाच्या जमिनीतून काही हिस्सा कापायचा, त्या कपातीतून रस्ते, बागा, शाळा काढायच्या आणि उरलेली जमीन सरळ चौकोनी करून ज्याची त्याला परत द्यायची. संपादनाचे खटले नाहीत आणि कोणी देशोधडीला लागत नाही. ही पद्धत मूळची १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातली, म्हणजे दोन्ही राज्यांची समाईक. वांद्र्यात ‘टीपीएस रोड’ अशी पाटी दिसते ती तिचीच खूण. १९६० ला राज्ये वेगळी झाली. गुजरातने ही पद्धत हाताशी ठेवली, महाराष्ट्राने ती जवळजवळ अडगळीत टाकली. गुजरातेत येऊन नकाशे काढणाऱ्या मराठी माणसाला हे रोज जाणवते.

पण टीपी होते ती मोकळ्या शेतात. भुजमध्ये ती शेकडो वर्षांच्या दाट वस्तीत करायची होती, तीही पडलेल्या. शेतातल्यासारखी चाळीस टक्के कपात तिथे लावली असती तर छोट्या घराचा पायखानाच उरला असता. म्हणून तीस चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला हात लावला नाही. त्याच्या वरच्याची दहा टक्के, त्याच्या वर वीस, अशी भूखंड मोठा होईल तशी कपात चढत गेली. एकेका घराची मोजणी झाली, नकाशे लोकांपुढे मांडले, हरकती आल्या, पुन्हा नकाशे झाले. योजना पक्की होईपर्यंत कोटात बांधकामाला परवानगी नव्हती. धंदा बुडालेला, घरातले माणूस गेलेले असा घरमालक आणि त्याच्यासमोर कागद पसरून सर्व्हेअर म्हणतो, तुमच्या ओट्यातली एवढी पट्टी रस्त्यात जाते. काय बोलणार तो माणूस? काही भांडले, काहींनी सही करून टाकली, आणि ज्यांना परवडले ते बाहेरच्या वसाहतीत घर घेऊन मोकळे झाले.

मी कोटात हिंडलो तेव्हा रस्ते ऐसपैस होते. अग्निशमनाचा बंब सहज आत जाईल, रिक्षा वळेल. पण अशाच एका रस्त्याच्या कडेला एका रिकाम्या भूखंडात जुन्या स्वयंपाकघराची फरशी तशीच होती: नक्षीच्या लाल-पिवळ्या लाद्या, मोरीचा उंचवटा, आणि लाद्यांची शेवटची ओळ रस्त्याच्या कडेपाशी करवतीने कापावी तशी सरळ तुटलेली. तिच्यावर दोन मोटरसायकली लावलेल्या. मालक कुठे असतो विचारले, तर शेजारच्या दुकानदाराने हात नुसता मुंद्रा रस्त्याच्या दिशेने हलवला. रस्ता आला आणि राहणारा गेला, असे भूखंड तिथे मला बरेच दिसले. योजनेत खोट नव्हती, असे माझे ठाम मत आहे. ती यायला नको त्या घडीला आली.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचे उदाहरण याच जातीचे. २२ फेब्रुवारी २०११ ला तिथे भूकंपात १८५ माणसे गेली, आणि शहराचा मध्यभाग कुंपण घालून दोन वर्षांहून जास्त काळ बंद ठेवला गेला. लोकांना विचारले नाही असेही नाही; काही आठवड्यांत एक लाखाहून अधिक सूचना आल्या. पुढच्या वर्षी सरकारने शंभर दिवसांत आपला आराखडा तयार करून दिला, आणि त्यात आपल्या सूचना गेल्या कुठे, हे लोक शोधत बसले. तोवर दुकानदारांनी दुसरीकडे बस्तान बसवले होते. आधुनिक, पैसेवाल्या, प्रामाणिक कारभाराच्या देशातली ही कथा. जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तर आपल्या टीपीसारखीच जमीन-फेरआखणीची योजना अवघ्या दोन महिन्यांत जाहीर केली होती. लोक निवाऱ्याच्या शाळांमध्ये गोधड्यांवर बसलेले असताना. साहजिकच भडका उडाला. त्यातून टोकियोने घेतलेला बोध मला मोलाचा वाटतो: भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीची पुस्तिका भूकंपाआधीच तयार करायची आणि वस्तीवस्तीत रहिवाशांना बसवून तिचा सराव घ्यायचा. पळण्याचा सराव आपल्या शाळांतही होतो. टोकियोत परतण्याचाही होतो.

आता कामरेज. आपल्या टीपी इथे शेतांत येताहेत, रस्त्यांच्या रेघा पडताहेत, ते ठीक. पण गामतळ, म्हणजे गावठाण? टीपीचा नकाशा उघडला की सगळीकडे चौकोनी खंड आणि मध्ये जुन्या गावाच्या जागी एक वेडावाकडा पांढरा डाग. तिथे हात घालायचा नाही, असा अलिखित दंडक आहे. मतांचे गणित मला कळते. पण जुनी भिंत, अरुंद गल्ली, वर चढवलेला तिसरा मजला, हे सगळे त्या पांढऱ्या डागातच आहे. भुजचा कोट तो हाच.

नव्या बाजूचे दुखणे वेगळे आहे. चार रस्त्यापासून दोन्हीकडे ज्या इमारती उठल्या, त्यांतल्या पुष्कळ खाली नुसत्या खांबांवर उभ्या असतात: तळाला पार्किंग, वर फ्लॅट. वरचे मजले भिंतींनी जखडलेले आणि खालचा उघडा, त्यामुळे हादऱ्याचा सगळा ताण त्या खांबांच्या मानेत येतो. २००१ ला अहमदाबादेत, केंद्रापासून अडीचशे किलोमीटरवर, अशाच इमारती खाली बसल्या. आपल्याकडे बीयू (इमारत वापर) परवानगी हातात पडली की पार्किंगमध्ये गाळे निघतात. असा एक गाळा मी जवळून पाहिला आहे. शटरची चौकट बसत नव्हती म्हणून खांबाचा कोपरा छिन्नीने चार बोटे खोल फोडलेला. आतली उभी सळी उघडी, तिला आडवे धरणारी रिंग कापून वाकवून बाजूला सारलेली, आणि वरून पांढऱ्या सिमेंटचा हात. समोर वेफरची पाकिटे टांगलेली. दुकानदार भला माणूस. त्याने मला पाणी दिले आणि म्हणाला, इम्पॅक्ट फी भरणार आहोत. त्याला कोणी सांगितलेच नव्हते, की पावती फाडून बांधकाम नियमित होईल पण ती रिंग जोडली जाणार नाही. त्या दुकानाच्या वर चार मजले माणसे झोपतात.

सरथाण्याची आठवण आपल्याला करून देणे बरे वाटत नाही, पण कामरेजहून वराछाकडे जाताना ते वाटेतच लागते. २४ मे २०१९ ला तक्षशिला इमारतीतल्या क्लासच्या आगीत २२ मुले गेली आणि त्यानंतर राज्यभर क्लासेसची तपासणी, सील, दाखले यांची धावपळ झाली. सुरत आपत्तीनंतर खडबडून जागी होते, ही तर तिची ख्यातीच आहे. १९९४ च्या प्लेगनंतर एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि घाणेरडे शहर स्वच्छ झाले, हे देशभर सांगितले जाते. आधी जागे होण्याची सवय मात्र या शहराने अजून लावून घेतलेली नाही.

आता भाडेकरूंकडे येतो.

भुजच्या कोटात पुष्कळ लोक जुन्या, नाममात्र भाड्याने पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. घर पडले तेव्हा मदत मालकाला, भूखंड मालकाचा, टीपीतला नवा खंडही मालकाच्या नावे. भाडेकरूकडे राहिली ती भाड्याची पावती, असलीच तर. बरेच मालक मनातून सुटलेच, कारण कायद्याने न हलणारा भाडेकरू भूकंपाने हलवला. ही माणसे मग गावाबाहेर पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत वर्षानुवर्षे राहिली. हुन्नरशाळेसारख्या भुजमधल्या संस्थांनी पुढे अशांच्या घरांसाठी हातभार लावला, तेव्हा कुठे काहींना छप्पर मिळाले. किल्लारीकडे आम्ही मराठी लोक नाके मुरडतो: गावे उचलून दूर नेली, सरळसोट रस्ते आखले, अंगण गेले, शेजार तुटला. खरे आहे. तिथे घराचे मापही जमिनीवर ठरले. एक हेक्टरपर्यंत २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. ज्याचे शेत मोठे त्याचे घर मोठे, हा हिशोब मला कधी पटला नाही, आणि मोठ्याची कपात मोठी हा भुजचा नियम त्याच्यापेक्षा कितीतरी न्यायाचा वाटतो. पण किल्लारीत भूमिहीनालाही २५० फुटांचे पक्के घर मिळाले. भुजच्या कोटातल्या भाडेकरूला योजनेत रकानाच नव्हता.

कामरेजचा भाडेकरू त्याच्याहून कच्चा आहे, कारण त्याच्याकडे पावतीही नाही. खोलीमालक भाडे रोख घेतो. लाइटबिल मालकाच्या नावाचे, खोलीला सबमीटर. आधार कार्डावर पत्ता पारोळ्याचा, शिरपूरचा नाहीतर साक्रीचा; रेशनकार्ड गावी आई-बापाकडे. लूमवरचा ओडिया कामगार असो की आमचा खानदेशी, उद्या खोली पडली तर तो इथे राहत होता हे सिद्ध करायला त्याच्याजवळ बहुधा एकच सरकारी कागद निघेल: घरमालकाने पोलीस ठाण्यात दिलेला भाडेकरू नोंदणीचा फॉर्म. फोटो, बापाचे नाव, मूळ गाव, खोलीचा पत्ता, सगळे त्यावर असते. म्हणजे माणसे मोजण्याची व्यवस्था आहे, फक्त ती चोर शोधायला वापरली जाते. ऊसतोडीच्या मोसमात कोप्या टाकून राहणारे तर त्या कागदावरही नसतात. कोपीखाली भूकंपाने कोणी मरणार नाही हे खरे, पण मदतवाटपाच्या रांगेत ‘तू कुठला?’ हा प्रश्न त्यांनाच आधी विचारला जाईल.

तेव्हा मागणे असे आहे. गामतळाची टीपी करा, भुजच्या चढत्या कपातीच्या नियमाने. ती आज अमलात आणू नका हवे तर. कुणाचे घर पाडू नका. फक्त रेघा ठरवा, हरकती ऐका, पंचवीस सभा झाल्या तरी चालतील, आणि ठरलेला नकाशा कायद्याने बांधून ठेवा: एखादे घर पडले किंवा मालकाने स्वतः नवे बांधायला काढले, तर ते नव्या रेघेच्या आतच उठेल. भूकंप न येताही तीस-चाळीस वर्षांत गल्ली रुंद होईल. १९७६ च्या आपल्या नगररचना कायद्यात हे बसत नसेल तर दुरुस्ती सुचवा; भुजसाठी वाट काढली गेली होती, ती मेलेल्यांमागे काढली, ही जिवंतांसाठी काढावी. चार रस्त्याच्या परिसरात निदान दोन मैदाने अशी राखा, जिथे कधीही पार्टी प्लॉट होणार नाही. हजारो माणसे रात्री उघड्यावर आली तर आज त्यांना हायवेवर बसावे लागेल. खांबांवरच्या इमारतींची पाहणी करा, आणि इम्पॅक्ट फीच्या अर्जाला खांबांचा दाखला जोडल्याशिवाय पावती देऊ नका. माझ्या धंद्यातले लोक यावर मला शिव्या देतील, देऊ देत.

आणि भाडेकरूंची यादी. पोलिसांकडची नोंद आहे तिचीच प्रत, मिळकतीच्या नोंदीला जोडून, सुडाकडे राहावी. भाडेकरूला तिचा एक उतारा मिळावा. त्याने मालकी हक्क येणार नाही, हे मालकांना पहिल्याच ओळीत छापून सांगा, नाहीतर एकही मालक नोंद करणार नाही. त्या उताऱ्याचा अर्थ इतकाच असावा, की भूकंपानंतर तात्पुरता निवारा आणि पुढची घरे वाटताना हा माणूस इथला धरला जाईल.

भुजचे जुने सिव्हिल हॉस्पिटल २००१ ला कोसळले. त्याच्या जागी जे नवे उभे राहिले ते शिसे घातलेल्या रबरी बेअरिंगवर, म्हणजे खालची जमीन सरकली तरी इमारत फारशी हलू नये अशा बेताने. तंत्र न्यूझीलंडचे, आणि २००४ पासून हे हॉस्पिटल चालू आहे. म्हणजे आपल्याला जमत नाही असे काही नाही. कामरेजला पुढेमागे मोठे सरकारी दवाखाने, शाळा होतीलच. त्यांचे नकाशे टेबलावर येतील तेव्हा भुजची ती फाइल मागवून घ्यावी.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. नकाशा लावाल तेव्हा हरकतींची वेळ कामाच्या दिवशी अकरा ते पाच ठेवू नका. रोजंदारीवाला खाडा करून येणार नाही. रविवारी ठेवा, हिऱ्याचे कारखाने बंद असतात. हरकतीचा फॉर्म गुजरातीबरोबर हिंदी, मराठी आणि ओडियात असावा, आणि जिथे ‘सर्व्हे नंबर’ विचारता तिथे शेजारी ‘भाडेकरू असल्यास खोलीचा पत्ता’ असा एक रकाना घालावा. मराठी फॉर्म मी बिनपैशाने तयार करून देईन, आणि पहिल्या रविवारी लिहिता न येणाऱ्यांचे फॉर्म भरून द्यायला कचेरीबाहेर बसेनही. टेबलखुर्ची तेवढी आपली लागेल.

आपला नम्र,
कामरेजचा एक रहिवासी